शेजाऱ्याच्या जमिनीची पत्रिका

या वेळी टपालात निम्म्याहून जास्त पत्रं ऊसवाल्यांची आहेत. तोडी सुरू झाल्या की दरवर्षी असंच होतं. रान मोकळं होतं, पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, गुडघाभर पडलेलं असतं आणि घरात दोन पक्ष पडतात, एक काडेपेटीवाला आणि एक बिनकाडेपेटीचा. मी एकतीस वर्षं मातीपरीक्षण प्रयोगशाळेत काढली. आता सासरचं कृष्णाकाठचं अडीच एकर रान पुतण्याच्या मदतीनं बघते. त्यामुळे माझी उत्तरं थोडी काचेच्या नळीतली आणि थोडी बांधावरची असतात, एवढं धरून चला.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझ्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत मुरलेला कार्बन) ०.४१ टक्के होता. त्यानंतर एका खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकाला) पाचट न जाळता सरीत ठेवलं. या वर्षी माती तपासणीची पत्रिका आली तर कर्ब ०.७९! मी खूश होऊन शेजारच्या काकांना दाखवली. त्यांनी त्यांची पत्रिका काढली, तर कर्ब ०.८५. ते दरवर्षी न चुकता पाचट पेटवतात. आता ते मला चारचौघांत हसतात. मी काय समजायचं? — एक तरुण शेतकरी, ता. वाळवा

उत्तर : दादा, तुमच्या आनंदावर पाणी ओतते म्हणून रागावू नका. तुमचा ०.७९ खरा नाही. काकांचा ०.८५ सुद्धा बहुधा खरा नाही, पण त्यांच्याकडे नंतर येते.

आधी हिशेब. एक एकराची वरची सहा इंच माती वजनात साधारण नऊ लाख किलो भरते. तिच्यात कर्ब ०.१ टक्क्यानं वाढायचा तर नऊशे किलो कर्ब कायमचा मुरला पाहिजे. तुमची वाढ ०.३८ ची, म्हणजे एकरी जवळपास साडेतीन टन कर्ब. आता जमेची बाजू बघा. एकरी फार तर चार टन वाळलं पाचट निघालं असेल. त्यात कर्ब पस्तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे १,४०० किलो. सगळाच्या सगळा मातीत मुरला असता तरी तुमचा आकडा निम्म्यावरही पोचत नाही. आणि सगळा कधीच मुरत नाही. जिवाणू, बुरशी, गांडुळं पाचट खातात तेव्हा त्यातला बहुतेक कर्ब वायू होऊन हवेत जातो. मागे राहतो तो चुलीवरच्या दुधाला धरणाऱ्या सायीइतका. चांगल्या वर्षी एकरी दीडदोनशे किलो राहिले तर मी समाधानी असते. म्हणजे वर्षाला ०.०२ टक्के. ०.१ नं वाढायला चारपाच वर्षं लागणार, तीही मध्ये एकदाही काडी लावली नाही तर.

मग ०.७९ आला कुठून? मला वाटतं, पाचटातूनच, पण भलत्या वाटेनं. नमुना घेताना वरचं पाचट बाजूला सारायचं असतं, ते नीट सारलं जात नाही. अर्धवट कुजलेले तुकडे मातीबरोबर पिशवीत येतात. प्रयोगशाळेत ते चाळून आणि वेचून काढायला हवेत. हंगामात नमुन्यांचे ढीग लागतात, मग खलबत्त्यात मातीबरोबर पाचटही कुटलं जातं. (मी स्वतः कुटलेलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांनी माझ्या हातातला बत्ता काढून घेतला होता.) एक ग्रॅम मातीत पाचटाची चिमूट गेली की कर्ब दुप्पट दिसायला वेळ लागत नाही.

तपासणी कशी होते तेही सांगते, कारण काकांचं रहस्य तिथं आहे. ग्रॅमभर मातीवर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. आम्लाच्या उष्णतेत डायक्रोमेट मातीतला कर्ब जाळतं. अर्ध्या तासानं पाणी घालून, किती डायक्रोमेट उरलं ते थेंबाथेंबानं मोजायचं. जांभळट निळा रंग एका थेंबात लख्ख हिरवा होतो, तिथं थांबायचं. तो हिरवा मला अजून स्वप्नात दिसतो. पण डायक्रोमेट काही फक्त कर्बालाच ओळखत नाही. मातीत क्लोराइडचे क्षार असले तर तेही डायक्रोमेट खातात, आणि कागदावर ते कर्ब म्हणून चढतात. क्षारपड रानाचा कर्ब असा फुगून येतो. तुमच्या काकांचं रान ओढ्याच्या बाजूला, खोलगट आहे का? उन्हाळ्यात मातीवर क्षारांची पांढरी फुलं येतात का? त्यांच्याच पत्रिकेत क्षारांचं प्रमाण दाखवणारा विद्युत वाहकतेचा रकाना बघा. तो आकडा एकच्या वर असेल, तर ०.८५ पुढे त्यांनी हसू नये, चिंता करावी. क्षार नसतील, तर नमुना गोठ्याच्या किंवा उकिरड्याच्या कडेचा असेल. दोन्ही नसेल, तर त्यांची जमीन मुळातच तुमच्यापेक्षा जास्त काळी आणि चिकण असेल. चिकणमाती कर्ब धरून ठेवते, मुरमाड जमीन ठेवत नाही. दोन घरच्या पत्रिका जुळवायला हे काही लग्न नव्हे. आपल्या रानाची पत्रिका आपल्याच रानाच्या जुन्या पत्रिकेशी ताडून बघायची. जागा त्याच, खोली तीच, महिना तोच.

मग पाचट ठेवून काही होतं की नाही? होतं. दक्षिण आफ्रिकेत माउंट एजकोम्ब इथं १९३९ पासून उसाचा एकच प्रयोग अखंड चालू आहे. काही वाफ्यांत दरवर्षी पाचट जाळतात, काही वाफ्यांत ठेवतात. तिथं पाचट ठेवलेल्या वाफ्यांत कर्ब स्पष्ट जास्त आहे, पण तो फरक मुख्यतः वरच्या चार बोटं मातीत आहे. आपण नमुना घेतो वीत-सव्वा वीत खोल. वरच्या थराची कमाई खालच्या मातीत मिसळून पातळ होते आणि पत्रिकेत दिसतच नाही. म्हणून पहिली चार वर्षं मी पत्रिका बघत नाही. पहिल्या वळवाचं पाणी सरीत थांबतं की मुरतं आणि खुरप्याबरोबर गांडूळ वर येतं की नाही, एवढंच बघते.

आमच्या घरातलं पाचट जाळणं माझ्या रसायनशास्त्रानं थांबलं नाही, हेही कबूल करते. सासऱ्यांना रान हात फिरवल्यासारखं स्वच्छ लागायचं. एका वर्षी वारा फिरला आणि जाळ बांध ओलांडून भावकीच्या उभ्या आडसाली उसात शिरला. जळका ऊस घाईनं तोडावा लागला, त्याच्या दरात कपात झाली आणि दिवाळीपर्यंत बोलणं बंद राहिलं. त्यानंतर आमच्या घरात काडेपेटी देवघरातच राहिली.

प्रश्न : तुमच्या लेखामुळे आम्ही या वर्षी पहिल्यांदा पाचट ठेवलं. दीड महिन्यात खोडवा पिवळा पडला. हे म्हणतात, "बघ, तुझ्या ताईंचं ऐकून काय झालं." पुढच्या वर्षी जाळायचं का? — एक वाचक भगिनी, ता. शिरोळ

उत्तर : ताई, आधी रानात जाऊन एक बघा आणि मग यजमानांशी बोला. कोणतं पान पिवळं आहे, जुनं की नवं?

खालची जुनी पानं शेंड्याकडून पिवळी पडत असतील आणि सगळा ऊसच फिक्का दिसत असेल, तर ती नत्राची (नायट्रोजनची) उपासमार आहे. त्यात थोडा दोष माझा. मी पाचट ठेवायला सांगितलं, पण त्याच्या जेवणाचं सांगितलं नसावं. पाचटात नत्र जेमतेम ०.४ ते ०.५ टक्के असतं. म्हणजे एका भाग नत्राला सत्तरऐंशी भाग कर्ब. कुजवणाऱ्या जिवाणूंना एवढा कोरडा घास उतरत नाही, त्यांना नत्राचं तोंडीलावणं लागतं. पाचटात मिळालं नाही तर ते मातीतून उचलतात, आणि ते तुमच्या कोंबांच्या वाटणीचं असतं. जिवाणू मेले की हे नत्र परत मिळतं, बुडत नाही. पण ते मिळेपर्यंत खोडवा उपाशी राहतो आणि फुटवे कमी येतात.

म्हणून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, हे प्रमाण विसरायचं नाही. चार टन पाचटाला बत्तीस किलो युरिया. तो पाचटावर टाकायचा, शेणात कालवलेलं संवर्धक शिंपडायचं आणि पाणी द्यायचं. पाचट सरीत दाबायचं, बुडख्यावर ठेवायचं नाही. बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटायचे, म्हणजे कोंब जमिनीखालून येतो आणि पाचटाशी झगडत बसत नाही. पाणी पुढं सरकत नाही अशी यजमानांची दुसरी तक्रार असणार, मला ठाऊक आहे. पहिलं पाणी खरंच रडवतं. दुसऱ्यापासून पाचट बसतं आणि पाणी वाट धरतं.

खोडव्याचं खत पाचटावर फेकू नका. पहारीनं भोक घेऊन द्या. बुडख्यापासून वितीच्या आत, वीतभर खोल, फुटाफुटावर. पहिला हप्ता वरंब्याच्या एका बाजूला, दुसरा चार-साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. अंग दुखतं हे खरं. पण युरिया वर फेकला तर निम्मा वाऱ्याचा आणि निम्मा पाण्याचा.

आता दुसरी शक्यता. कोवळं वरचं पान पिवळं-पांढरं आणि शिरा हिरव्या असं दिसत असेल, तर तो केवडा आहे. तो लोहाच्या कमतरतेचा. चुनखडीच्या जमिनीत खोडव्याला हमखास पडतो आणि पाचट जाळलेल्या रानातही पडतो. तसं असेल तर यजमानांना शेजारचं जाळलेलं रान दाखवा. एकरी दहा किलो हिराकस (फेरस सल्फेट) दहापट शेणखतात मिसळून पाचसहा दिवस सावलीत मुरवा आणि सरीत द्या. नुसतं हिराकस चुनखडीत टाकलं तर ते तिथंच बांधलं जातं, मुळाच्या उपयोगाचं राहत नाही. शेणखत त्याला धरून ठेवतं. बघा, इथंही शेवटी कर्बच कामी येतो.

प्रश्न : वडील खोडव्याला एकरी चार पोती युरिया टाकायचे, साठ टन निघायचे. मी नऊ पोती टाकतो, चाळीस निघतात. जमिनीनं खाणं वाढवलंय आणि देणं थांबवलंय. — एक शेतकरी, ता. कराड

उत्तर : शेवटचं वाक्य फार आवडलं, पण जमिनीवरचा आळ काढून टाकते.

कृषी विद्यापीठाची खोडव्याची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद (फॉस्फरस) आणि ११५ पालाश (पोटॅश). म्हणजे एकरी १००, ४६, ४६. शंभर किलो नत्र म्हणजे २१७ किलो युरिया, पंचेचाळीस किलोची पाच पोतीसुद्धा भरत नाहीत. तुम्ही जवळजवळ दुप्पट टाकता. आणि पत्रात पोटॅशचं नावही नाही! युरियाचं पोतं पावणेतीनशेच्या आत मिळतं, पोटॅशचं त्याच्या कितीतरी पट, म्हणून हात कुठं जातो ते कळतं. पण ऊस नत्रापेक्षा पालाश जास्त उचलतो. तो टनामागं टन ट्रॉलीत बसून रानाबाहेर जातो.

पुढं तो कुठं जातो हे कधी शोधलंय का? साखरेत पालाश नसतो. तो रसातून मळीत, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकात उतरतो, मळी आसवनीत (मद्यार्काच्या कारखान्यात) जाते, आणि तिथलं सांडपाणी जाळून उरलेल्या राखेपासून पालाशयुक्त खत बनतं. त्यात किमान १४.५ टक्के पालाश असतो. तुमच्याच रानचा पालाश असा कारखान्याची वारी करून पोत्यात परत येतो. मिळालं तर जरूर घ्या, कारण आपलं पोटॅश बहुतेक सगळं परदेशातून जहाजानं येतं. बाकीचा पालाश पाचटात आहे, दहा टनांत ७५ ते १०० किलो. पाचट जाळलं की त्यातलं नत्र आणि गंधक धुरात जातं आणि पालाश राखेत उरतो. राख राहते वाऱ्याच्या मर्जीवर. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) जनावरांना जातं, ते ठीक. पण शेण त्याच रानात परत येतं का? गोठा गावात आणि रान दोन मैलांवर असेल तर उकिरडा शेवटी परसातल्या केळीला जातो. माझ्या माहेरी हेच चालायचं. केळी अशी तरारायची, की बघत राहावं!

जादा युरियानं कर्ब "जळतो" असं लोक म्हणतात. मी तसं सरसकट म्हणणार नाही. जास्त नत्रानं ऊस लोळतो, कीड येते, साखर उतरते, हे नक्की. पण कर्बाचं मोठं नुकसान जाळण्यानं आणि मशागतीनं होतं. दर लावणीला ट्रॅक्टरनं दोनदा नांगरट, मग रोटर, मग सरी. प्रत्येक वेळी खालची झाकलेली माती उघडी पडते, हवा लागते आणि जिवाणू जुना साठाही खाऊन टाकतात.

आणि तुमच्या वडिलांच्या साठ टनांमागं एक गोष्ट होती, जी तुम्ही लिहिलेली नाही, पण मी पैजेवर सांगते. ते उसावर ऊस घेत नव्हते. मध्ये हरभरा, भुईमूग किंवा ताग असायचा. त्याला आपण बेवड म्हणतो. हा शब्द आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला आहे. तुम्ही लावण, खोडवा, निडवा (त्यानंतरचा दुसरा खोडवा) आणि पुन्हा त्याच सरीत लावण घेत असाल. ऑस्ट्रेलियातही उसाचा उतारा असाच घसरला, तेव्हा त्यांच्या शास्त्रज्ञांनी १९९३ पासून वर्षानुवर्षं कारणं शोधली. निघालं काय, तर एकच पीक, जड यंत्रांनी दाबलेली माती आणि अति मशागत. उपाय काय, तर मध्ये सोयाबीन किंवा भुईमूग. म्हणजे बेवड! निडवा मोडा. पुढच्या लावणीआधी ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलावर आला की पंचेचाळीस-पन्नास दिवसांत गाडा. पोती पाचवर आणा. पहिल्या वर्षी टनेज वाढेल असं वचन देत नाही. खर्च मात्र पहिल्याच वर्षी उतरेल.

प्रश्न : दुकानदारानं कर्ब वाढवणारं ह्युमिक आम्लाचं पाच लिटरचं कॅन दिलंय. एकरी एक कॅन पुरेल का? — एक वाचक, ता. माळशिरस

उत्तर : कॅनवर किती टक्के लिहिलंय? बारा धरू. पाच लिटरात सहाशे ग्रॅम. वर हिशेब केलाय, ०.१ टक्क्याला नऊशे किलो लागतात. त्यामुळे पंधराशे कॅन घ्या! मुळांच्या वाढीला ह्युमिकचा थोडा उपयोग होत असेल, त्यावर माझा वाद नाही. पण त्याला कर्ब वाढवणं म्हणू नये. तेवढ्या पैशात शेणखताची एखादी ट्रॉली येते का, ते विचारा.

प्रश्न : जमीन चोपण (क्षारांनी घट्ट, पाणी न मुरणारी) होत चालली आहे. पाचट, प्रेसमड (साखर कारखान्यातला रसाचा गाळ), शेणखत, काय टाकू? — एक शेतकरी, ता. मिरज

उत्तर : आत्ता काहीच टाकू नका, आधी पाणी काढा. मुळाखाली पाणी तुंबलेलं असताना कोणतंही खत म्हणजे बुडत्या माणसाला जेवण वाढण्यासारखं. उघडे चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइपचा निचरा, आणि तोही शेजाऱ्यांबरोबर मिळून, कारण पाणी बांध ओळखत नाही. मग सामू (पीएच) आणि वाहकता बघून जिप्सम, मग धैंचा. पाटपाणी भरमसाठ देणं थांबवलंत तर निम्मं काम फुकटात होईल.

प्रश्न : एक माणूस आला होता. पाचट ठेवल्याबद्दल कार्बनचे पैसे मिळतील म्हणतो, सही मागतो. — एक शेतकरी, ता. हातकणंगले

उत्तर : किती वर्षांचा करार, मध्ये रान विकलं किंवा पीक बदललं तर काय, आणि कर्ब मोजणार कोण आणि किती खोलीवर, ही तीन उत्तरं कागदावर मराठीत घ्या. पहिल्या पत्रातल्या दादांचा ०.७९ आठवा. तोंडी उत्तरावर सही करू नका. पाचट मात्र सही न करताही ठेवता येतं.

आणि एक सूचना, प्रश्न नव्हे. गेल्या महिन्यात दोघांनी मासिकाच्या पत्त्यावर थेट मातीच पाठवली. एक पुडी वर्तमानपत्रात होती, दुसरी युरियाच्या पोत्याच्या तुकड्यात. त्या दुसरीचं नत्र तपासलं असतं तर राज्यात पहिला नंबर आला असता. माती जवळच्या प्रयोगशाळेत द्या. आठदहा ठिकाणांहून नागमोडी चालत, पाचट आणि खत दिलेली जागा टाळून, वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन माती काढा. ती सावलीत वाळवून, चार भाग करत करत अर्धा किलोवर आणा आणि स्वच्छ कापडी पिशवीत भरा. मला फक्त पत्र पाठवा. संपादकांचं टेबल पुसून झालंय, पण ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.